माटोळीवरची फळे आणि ताटातली भाजी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना गोमंतक परका नाही, आणि त्यातही पेडणे तर मुळीच नाही. १७९५ साली खर्ड्याच्या रणावर शिंद्यांची फौज ज्यांनी चालविली ते जिवबादादा बक्षी पेडणे महालातल्या केरी गावचे. त्यांच्या आगेमागे त्या बाजूची कितीतरी माणसे लेखणी कानाला लावून अथवा तलवार कमरेला बांधून उत्तरेत आली. संत सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्मही पेडण्यातल्याच पालये गावचा, १७१४ सालचा. पुढे बांद्याचे कुळकर्ण टाकून ते उत्तरेकडे निघाले आणि महादजी शिंद्यांची व त्यांची गाठ पडली. त्या भेटीत सोहिरोबांनी महादजींच्या कवित्वाला कशी दाद दिली नाही, हे आपल्या वाडवडिलांनी मिटक्या मारीत सांगितलेले अनेकांना आठवत असेल.

सोहिरोबांना अनुग्रह कसा झाला याची आख्यायिका मात्र इकडे तितकीशी कोणी सांगत नाही. सावंतवाडी दरबारचे बोलावणे आले म्हणून कुळकर्णीबुवा निघाले, वाटेत इन्सुलीच्या रानात दमून बसले आणि बरोबर आणलेला फणस त्यांनी फोडला. तोच एक नाथपंथी अवधूत पुढे येऊन उभा राहिला व काही खायला मागू लागला. बुवांनी आधी त्याच्या हातावर गरे ठेवले. तो अवधूत म्हणजे गहिनीनाथ. भाविकांचे लक्ष या कथेत नाथांकडे जाते, माझे नेहमी फणसाकडे जाते. अठराव्या शतकातला एक अंमलदार माणूस दरबारी कामाला निघताना शिदोरी म्हणून फणस घेतो, आणि भूक लागल्यावर झाडाखाली बसून तो खातो! आज त्याच मुलुखातून शाळेला निघालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात काय असते? गेल्या भाद्रपदात कुलदेवतेच्या निमित्ताने पेडण्यात आणि तिथून डिचोलीत असा मी सतरा दिवस राहिलो, तेव्हा हा प्रश्न माझ्या मागे लागला, तो अजून सुटलेला नाही.

हे दोन तालुके गोव्याच्या उत्तरेचे. पोर्तुगीजांच्या हाती ते फार उशिरा, अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत लागले, म्हणून त्यांना ‘नव्या काबिजादी’ म्हणत. त्यामुळे देवळे राहिली, मराठी राहिली, पोथ्या राहिल्या. डिचोली तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार केला, हे वाचकांना ठाऊक आहेच. जमीन लाल, पाऊस उदंड, उतारावर काजू, खळग्यात भात, ओढ्याकाठी पोफळीची कुळागरे. अशा भूमीत भाजीफळाचा तुटवडा असेल अशी शंकाही कोणाच्या मनात येणार नाही. आणि चवथीला तिथल्या घरात पाऊल टाकले तर ती येणे शक्यच नाही.

गोव्याची चवथ म्हणजे माटोळी. गणपतीच्या मूर्तीवर लाकडाची चौकट टांगतात आणि तिला सुपारीची कात्रे, केळ्यांचे घड, नारळ, तोरिंजन, आंबाडे, करमळे, काकड्या, दोडके आणि रानातली नाना फळे बांधतात; शिवाय हरण, कांगले, लालभडक कवंडळ अशी खाण्याच्या उपयोगाची नसलेली परंतु डोळ्यांना गारवा देणारी रानफळेही. डिचोलीच्या बाजारात चवथीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो. डोंगरातून उतरलेल्या बायाबापड्या टोपल्या मांडून बसतात आणि खाशी मोटारवाली मंडळी वाकून वाकून ‘हे काय, ते काय’ विचारीत हिंडतात. सरकारचे कला व संस्कृती खाते माटोळीच्या स्पर्धा घेते, आणि हौशी माणसे शेकड्यांनी वस्तू जमवून छत भरून टाकतात. मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या माटोळीला मी मोजले, एकुणसाठ जिन्नस होते. घरातल्या नववीतल्या मुलीला त्यांतल्या बेचाळिसांची नावे येत होती. अकरावीतल्या तिच्या भावाला एकवीस. पण तोही हुशार मुलगा, उगीच नावे ठेवू नयेत.

आणि त्याच माटोळीखाली बसून त्या दोघांनी सकाळी जे खाल्ले ते म्हणजे पाव आणि बटाट्याची पातळ भाजी.

मी त्या दोघांना एक वही दिली. सात दिवस तोंडात जाणारे प्रत्येक फळ व प्रत्येक भाजी लिहून ठेवायची, बाकी काही नको. थोरल्याने तीन दिवस लिहून कंटाळून सोडले. मुलीने सातही दिवस नेटाने लिहिले. तिची वही माझ्यापाशी आहे. सण धरून सात दिवस, म्हणजे खरे तर वर्षातले भाजीचे सर्वांत भाग्याचे दिवस. चवथीच्या दिवशी खतखते झाले. त्यात किती भाज्या पडतात याची घरोघर चढाओढच असते. तिच्या नोंदीत त्या दिवशी अकरा नावे आहेत. दुसऱ्या दिवशी अळूची भाजी आणि आंबाड्याची सासव. पाचव्या दिवशी विसर्जन झाले, आणि सहाव्या दिवसाच्या पानावर नुसते एवढेच आहे : ‘भाजी (बटाटा).’ सातव्या दिवसाच्या पानावर, ‘कांदा, ऑम्लेटात.’ फळांच्या रकान्यात संपूर्ण आठवड्यात केळे दोनदा आणि नैवेद्याचा सफरचंदाचा तुकडा एकदा. माटोळीवरच्या एकुणसाठांपैकी तिच्या पोटात किती गेले ते तिनेच मोजले होते. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले आहे, ‘चार’.

एका घरच्या एका वहीवरून दोन तालुक्यांचा निवाडा करायला मी काही निघालो नाही. परंतु पुढचे दहा-बारा दिवस मी जिथे जिथे गेलो, शाळेच्या फाटकाशी, बसच्या थांब्याशी, आप्तांच्या ओसरीवर, तिथे तिथे तेच पाहिले. आणि घरोघरच्या बायकांना विचारले, तर कोणी नाकारले नाही. उलट प्रत्येकीला वाटे की आपलाच मुलगा तेवढा असा.

आता हिशेब काय म्हणतो तो पाहू. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाजी व फळे मिळून खावीत. जुन्या मापात सांगायचे तर अच्छेरास थोडे कमी. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात तर दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि त्याखेरीज १०० ग्रॅम फळे धरली आहेत, म्हणजे ताटाचा जवळजवळ अर्धा भाग. यात एक मेख आहे, आणि ती आपल्याकडच्याही पुष्कळ घरांना लागू पडते. आरोग्य संघटनेच्या ४०० ग्रॅमांत बटाटा मोजायचा नसतो, रताळे-कोनफळही नाही. ती मंडळी भाताच्या पंगतीतली. गोव्यात ‘भाजी’ म्हटले की पावाबरोबरची पातळ भाजी डोळ्यांपुढे येते, आणि ती बटाट्याची, नाहीतर वाटाण्याची. म्हणजे मुलगा खरेच सांगत असतो की मी रोज भाजी खातो. आईही खरेच सांगते. आणि तरी हिशेबाच्या वहीत शून्य पडते.

दहा ते एकोणीस ही वर्षे अशी की पुरुषभर उंचीचा सहावा-पाचवा हिस्सा याच काळात वाढतो, हाडे याच काळात भरतात, आणि मुलींच्या अंगातले रक्त दर महिन्याला थोडे कमी होऊ लागते. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची जी मोठी पाहणी झाली, तीत या वयाच्या मुलामुलींत शेकडा २८ जणांना रक्तक्षय आढळला. मुलगे निराळे काढले तर १८ आणि मुली निराळ्या काढल्या तर ४०. एका घरात, एका चुलीवर शिजलेले अन्न खाऊन हा फरक. तो काही केवळ भाजीमुळे पडत नाही हे खरे, निसर्गाचाही त्यात हात आहे. पण जिच्या अंगातून जास्त जाते तिच्या ताटात जास्त पडावे, हा साधा व्यवहार आपल्याकडे उलटाच चालतो. मी ज्या तीन-चार घरी जेवलो तिथे मुली शेवटच्या पंगतीला आईबरोबर बसत. तोवर मासळी संपलेली आणि भाजीचा तळ लागलेला असे. उरे तो भात आणि कढीचा रस्सा.

मासळीचा विषय निघालाच आहे तर तो टाळून चालणार नाही. गोव्याच्या स्वयंपाकात भाजी ही मासळीची सवत. ज्या दिवशी मासळी नाही त्या दिवसाच्या जेवणाला तिकडे ‘शिवराक’ म्हणतात. सोमवार शिवराक, एकादशी शिवराक, श्रावण तर महिनाभर शिवराक. आपल्या जुन्या माणसांनी पंचांगातच भाजीची तजवीज करून ठेवली होती म्हणायची! व्रत म्हणून का होईना, आठवड्याचे दोन-तीन दिवस आणि वर्षाचा एक महिना भाजी ताटाच्या मध्यभागी येई. घरातल्या वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, आमच्या लहानपणी श्रावण म्हणजे चंगळ वाटे. रोज नवी रानभाजी. आता सोमवार उजाडला की पोरांची तोंडे पाहा.” मी पाहिली. थोरला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन नुसते “आज शिवराक?” एवढेच विचारी, आणि उत्तराची वाट न पाहता स्कूटर काढून नाक्यावर जाई. भाजी ही शिक्षेची गोष्ट झाली, ती अशी, व्रताच्या मागच्या दाराने. व्रत करणारे उरले नाहीत, नुसता निषेधाचा भाग उरला.

आणि काय काय भाज्या होत्या त्या! पहिल्या पावसाबरोबर टाकळा, ज्याला तिकडे तायकिळा म्हणतात. मग कुडूक, तेरे म्हणजे रानअळू, शेवग्याचा पाला, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे किल्ल, फागले म्हणजे आपली कर्टोली, आणि वारुळांवर उगवणारी अळमी, जिच्यासाठी पेडण्यातला माणूस भरपावसात डोंगर पालथा घालतो. या सगळ्यावर ओले खोबरे पेरायचे. आमच्या उत्तरेकडच्या पाहुण्यांना ते खोबरे म्हणजे चैन वाटते. परंतु पालेभाजीतले जीवनसत्त्व अंगी लागायला जी थोडी स्निग्धता लागते ती तेच पुरवते. तांबडी भाजी लिंबू पिळून खावी, कारण पाल्यातले लोह आंबटाच्या संगतीने शरीरात शिरते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा ते लोह अडवतो. हे वहिनींना कोणी शिकवलेले नाही. त्या लिंबू पिळतात. मुले जेवणावर चहा पितात.

फळांची कथा आणखी चमत्कारिक. मराठी भाषेत फळांची आणि भाज्यांची जी नावे आपण रोज घेतो, बटाटा, अननस, पपई, पेरू, काजू, कोबी, झालेच तर हापूस, ती सारी पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आली. मानकुराद हे आंब्याचे नाव ‘बेरंगी’ अशा अर्थाच्या त्यांच्या शब्दापासून झाले, असे सांगतात. त्यांच्या गलबतांनी ब्राझीलची अर्धी बाग गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली आणि तिथून ती आपल्या देशभर पसरली. पण त्याच गलबतातून आणखी एक शब्द उतरला, पाव. आज गोव्यात पहाटे आणि संध्याकाळी पोदेर सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवीत दाराशी येतो. पाव गरम, ताजा आणि घरपोच मिळतो. भाजी मात्र आणावी लागते, निवडावी लागते, चिरावी लागते. सकाळी सातच्या बसला मुलाला धाडायचे असेल तर या शर्यतीत कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको. गोव्याच्या पावावर माझा राग नाही. असा पाव मी तरी दुसरीकडे खाल्लेला नाही.

वहिनींना मी विचारले की परसात पपई आहे, पेरू आहे, केळी आहे, मग मुलांच्या डब्यात फळ का नाही. त्या हसल्या. “भावोजी, फळ म्हणजे देवाला, आजाऱ्याला नि पाव्हण्याला. धडधाकट पोराला कसले फळ?” मला वाटते, या एका वाक्यात अर्धे उत्तर आले. फळ ही तिथे खाण्याची वस्तू नसून देण्याची आणि विकण्याची वस्तू आहे. हंगामाच्या आरंभी मानकुरादाच्या एका डझनाला हजारांनी रुपये मिळतात. ज्याच्या दारात झाड आहे तो ते खाईल की शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात नेईल? केळ्यांचा घड पिकायच्या आत सौदा ठरलेला असतो. काजूच्या बोंडात संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व आहे, पण ते बोंड पायाखाली तुडवून त्याची फेणी होते. मुलांना मीठ लावून चार बोंडे चोखायला मिळतात, तीही परीक्षेच्या दिवसांत. आणि किनाऱ्यावर मोरजी-मांद्र्याला जावे तर तिथल्या हॉटेलांत परदेशी पाहुण्यांपुढे पपई, अननस, केळे चिरून थाळ्या मांडलेल्या असतात. त्या थाळ्या नेऊन ठेवणारा पोऱ्या पेडण्याच्याच एखाद्या गावचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याला दुपारी विचारले की काय खाल्लेस, तर तो मैद्याच्या शेवयांच्या पुडीचे नाव सांगतो.

हे झाले घरातले. पण सगळा दोष आयांच्या आणि मुलांच्या माथी मारणे हा शहरी माणसाचा जुना रोग आहे, आणि तो मला लागू नये अशी माझी इच्छा आहे. भाजी मुळात येते कुठून? ग्वाल्हेरहून आपली गोवा एक्सप्रेस ज्या बेळगावावरून जाते त्याच बेळगावच्या बाजारातून गोव्याची बहुतेक भाजी येते. चोर्ला घाट उतरून ट्रक सत्तरीतल्या केरीवरून साखळीला येतात, म्हणजे डिचोली तालुक्यातच त्यांचे पहिले मोठे ठाणे. फलोत्पादन महामंडळ ठिकठिकाणी दुकाने मांडून ही भाजी सवलतीच्या दराने विकते, आणि ती दुकाने नसती तर गरिबाच्या घरी कोबीही शिजला नसता. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात टोमॅटोचा भाव चढतो. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे कोथिंबीर डोंगरापलीकडून यायची वाट पाहावी लागते, ही गोष्ट गमतीची खचित नाही.

पूर्वी तसे नव्हते. पावसाळी भात निघाल्यावर पाण्याच्या सोयीच्या शेतात वायंगण होई, आणि उरलेल्या वाफ्यांत तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, मिरची, अळसांदे. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे घर पेडण्यातच. मांडवीच्या पात्रातल्या जुवे बेटाला तर ‘शाकेचे जुवे’ असेच नाव, आणि तिथल्या सात शिरांच्या भेंडीची ख्याती अशी की बेटावरच्या माणसांनाच लोक भेंडे म्हणत. आता वायंगण करणारा माणूस शोधावा लागतो. का, ते डिचोलीत विचारले तर एक उत्तर मिळते आणि पेडण्यात दुसरे.

डिचोलीचे उत्तर खाणीचे. लोहखनिजासाठी डोंगर पोखरले, खाणींचे तळ भूजलाच्याही खाली गेले, आणि उपसलेल्या पाण्याबरोबर गावच्या विहिरी बसल्या. शिरगावच्या पाण्याचा तंटा न्यायालयापर्यंत गेला. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या, २०१८ च्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि आता लिलावाने दिलेले पट्टे एकेक करून सुरू होत आहेत. ज्या काळात खाणी जोरात होत्या त्या काळात ट्रकाच्या मिळकतीपुढे भाजीच्या वाफ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. खाणी थांबल्या तेव्हा वाफ्यात गाळ होता आणि हातांची सवय गेलेली होती. पेडण्याचे उत्तर जमिनीचे. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचे उद्‌घाटन झाले, आणि आसपासच्या डोंगरांना सोन्याचा भाव आला. तिळारीच्या कालव्याने या दोन्ही तालुक्यांत पाणी आणले हे खरे, पण पाणी येईपर्यंत शेताचा मालक मुंबईला आणि त्याचा मुलगा विमानतळावर नोकरीला, अशी स्थिती. शिवाय वानर, रानडुक्कर आणि गवे. गवा हा गोव्याचा राज्यपशू; तो रात्रीतून वाफा साफ करून जातो, आणि शेतकऱ्याने हात जोडून उभे राहावे. एका म्हाताऱ्याने मला त्याचे कुंपण दाखवले. पेरूच्या एका झाडाभोवती जाळे, जाळ्यावर पत्रे, पत्र्यांना बांधलेल्या बाटल्या. “पेरू किती लागले यंदा?” मी विचारले. “नऊ,” तो म्हणाला, “माकडांचे धरून.”

शाळेत काही होते का? होते, आणि ते लहान नाही. दुपारच्या आहाराची योजना गोव्यात गावच्या बायकांचे स्वयंसाहाय्य गट चालवतात. केंद्राच्या योजनेत सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज ७५ ग्रॅम भाजी ठरवून दिलेली आहे, म्हणजे सव्वा छटाक. ४०० ग्रॅमांपुढे हे थोडेच, पण ज्याच्या घरी बटाट्यापलीकडे भाजी नाही त्याला हाच दिवसातला पहिला आणि शेवटचा पाला. शाळेतली पावभाजी मुलांना आवडते, कारण ती घरासारखी लागते. अडचण अशी की योजना आठवीला संपते. नववीत, म्हणजे अंग सगळ्यांत वेगाने वाढते त्याच वर्षी, मुलगा मोठा झाला असे धरून सरकार हात आखडते. मग मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर. २०२० च्या केंद्रीय नियमाप्रमाणे शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरांच्या आत चरबी, मीठ, साखर यांनी लादलेले खाद्य विकायला मनाई आहे. नियम चांगला आहे. मी एका फाटकापासून पावले मोजीत गेलो. पहिला गाडा साधारण साठाव्या पावलावर लागला, आणि त्याच्यावर तळलेल्या वेफर्सच्या माळा अगदी माटोळीसारख्या टांगलेल्या होत्या.

त्याच शाळेत एक बाई आहेत, विज्ञान शिकवतात. त्यांनी मला त्यांचा एक उद्योग सांगितला, तो मला फार शहाणपणाचा वाटला. भाजी खा, भाजी खा असा उपदेश त्या करीत नाहीत. पावसाळ्यात त्या मुलांना घरून एक रानभाजी आणायला सांगतात, मात्र आजीला विचारून आणि आजीने ती कशी शिजवायची ते लिहून घेऊन. दोन-तीन तास शाळेत चूल मांडतात. टाकळा कोणता आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणता, अळमीतली कोणती खायची आणि कोणतीला हात लावायचा नाही, हे त्या आजीबायांनाच बोलावून सांगवतात. कारण यात चूक झाली तर जिवावर बेतते. बाई म्हणाल्या, “मुले घरी भाजीला नाक मुरडतात, पण स्वतः ओळखून आणलेली भाजी मात्र भांडून खातात.” मी विचारले की हे घरी टिकते का. त्यांनी स्पष्टच सांगितले की मुलींचे टिकते, मुलग्यांचे पंधरा दिवस.

आपल्या लष्करातही फार निराळे चित्र आहे असे नाही. इकडे मासळी नाही, शिवराकाचा जाच नाही, मंडई कोसभराच्या आत आहे, आणि तरी शिकवणीच्या वर्गांतून रात्री नऊला परतणाऱ्या मुलांच्या पानात भाजी थंड होऊन पडलेली असते. फरक इतकाच की पेडण्या-डिचोलीच्या मुलांना आपण काय खात नाही त्याची नावे तरी माहीत आहेत. आपल्या मुलांना घोळ, चाकवत, चंदनबटवा यांतले एक ओळखायला लावून पाहावे.

त्या नववीतल्या मुलीने मार्गशीर्षात मला लिहिले. माझ्या वहीची उरलेली पाने तिने भरली आहेत, आणि आजीच्या सांगण्यावरून घरामागच्या पडीक वाफ्यात तांबड्या भाजीचे बी टाकले आहे. भोवती जुन्या साड्या बांधल्या, त्यामुळे वानरे अजून आली नाहीत. पहिल्या खुडणीला पाच जुड्या निघाल्या. चार तिने रस्त्यावर नेऊन विकल्या आणि त्या पैशांची परीक्षेची पुस्तके घेणार आहे. पाचवी घरी शिजली, खोबरे घालून, लिंबू पिळून. स्वतः किती खाल्ली ते तिने वाटीच्या मापाने नोंदवले आहे. भावाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे.